शेवटच्या माणसाच्या मागे

माझे भावोजी आयुष्यात कधी कुणाच्या पुढे गेले नाहीत. रस्त्यात समोरून कुणी आलं की हे आधी बाजूला. रांगेत कुणी मध्ये घुसलं की म्हणणार, "असेल त्यांना घाई." लग्नात फोटो काढायच्या वेळी हे ताईच्या मागे जाऊन उभे राहिले होते. शेवटी फोटोवाल्यानं दंडाला धरून त्यांना पुढे आणलं. अशा माणसानं डोंगरातल्या शर्यतीत धावायचं ठरवलं, तेव्हा मी इतकी हसले की तोंडातल्या टाचण्या सांडल्या. मी शिवणकाम करते, आणि टाचण्या तोंडात धरायची मला वाईट सवय आहे.

भावोजी चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत. पुढच्या बाजूला आरसे, काचेची कपाटं आणि गोड बोलणारी एक मुलगी. मागच्या खोलीत भावोजी, घासायचं मशीन आणि मशीनवर पडणारी पाण्याची बारीक धार. गिऱ्हाइकाच्या नंबरची काच फ्रेमच्या मापात घासायची, कडा गुळगुळीत करायच्या, काच अलगद बसवायची. हे सगळं बसून. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की असेच बसून राहिलात तर एक दिवस बसलेलेच राहाल. भावोजी घाबरले. आधी चालायला लागले, मग चालता चालता धावायला लागले. म्हणजे ते त्याला धावणं म्हणायचे. ताईचं म्हणणं, दूध उतू जायला लागलं की ती याहून जोरात धावते.

आमच्या शहराच्या पाठीला डोंगर लागून आहेत. शाळेतले एक कवायतीचे मास्तर तिथे दरवर्षी लांब पल्ल्याची शर्यत घेतात. उजाडायच्या आधी सुटायचं, जंगल, ओढे, खिंडी पार करत दिवसभर धावायचं आणि अंधार पडायच्या आत परत मैदानावर यायचं. मध्ये मध्ये थांबे असतात, तिथे पाणी, केळी, मीठ-साखर मिळते. प्रत्येक थांब्याला वेळ ठरलेली, ती चुकली की तुमचा नंबर काढून घेतात आणि जीपमध्ये बसवतात. भावोजी पहिल्या वर्षी जीपमध्ये बसून आले. दुसऱ्या वर्षी शेवटचे आले. तिसऱ्या वर्षीही शेवटचे आले, तेव्हा मास्तर त्यांना म्हणाले, "नाहीतरी तुम्ही शेवटीच असता. मग आमचं शेपूट का होत नाही?"

शेपूट म्हणजे काय, ते सांगायला हवं. वाट चुकू नये म्हणून आदल्या दिवशी झाडांना, झुडपांना, दगडांच्या ढिगांना लाल फिती बांधतात. त्या फिती माझ्याच दुकानात कापल्या जायच्या, अस्तराच्या उरलेल्या कापडातून. शर्यत संपल्यावर त्या डोंगरात राहू द्यायच्या नाहीत, हा मास्तरांचा कडक नियम. म्हणून एक माणूस सगळ्यांत शेवटच्या धावणाऱ्याच्या मागे राहतो आणि येता येता फिती सोडवत येतो. तोच शेपूट. त्याच्या पुढे सगळे आणि त्याच्या मागे कोणी नाही, असा हिशेब. तो थांब्यावर पोहोचला आणि "मागे कोणी नाही" म्हणाला, की थांबा आवरायचा. त्याच्या शब्दावर सगळं चालतं.

भावोजींना हे काम असं मानवलं की विचारू नका. घरी चार माणसांत तोंड न उघडणारा हा माणूस डोंगरात शेवटच्या माणसाशी अखंड बोलायचा. कुणी रडायचं, कुणी ओकायचं, कुणी दगडावर बसून जाहीर करायचं की आता मी इथेच मरणार. भावोजी त्याच्या शेजारी बसायचे, खिशातून खारी बिस्किटं काढायचे, "वळणापलीकडेच आहे थांबा," असं धडधडीत खोटं सांगायचे. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. माणूस चिडून शिव्या देत देत मैदानापर्यंत यायचा आणि तिथे यांच्या गळ्यात पडून रडायचा. घरी आले की भावोजींचा चेहरा उजळलेला असायचा. ताई म्हणायची, "जगभरच्या रडक्यांना आणतात ओढून, घरचा गॅस संपला तरी पत्ता नसतो." पण तिलाही अभिमान होता. मला तर होताच. माझ्या ओळखीत कुणाला एवढं चांगलं काही करता येत नव्हतं.

त्या वर्षी शेवटचे होते एक वकील. त्यांचे पाय चढावर आखडले आणि तोंड मात्र मोकळंच राहिलं. बूट वाईट, रस्ता वाईट, मास्तरांचं नियोजन वाईट, केळी कच्ची. भावोजी त्यांच्या मागे "हो ना, हो ना" करत, फिती सोडवत चालले होते. वकिलांच्या पुढे एक बाई होती. बेकरीत केकवर क्रीमची फुलं काढायचं काम करायची, पहिल्यांदाच एवढं लांब धावत होती. आधीच्या थांब्यावर भावोजींना ती भेटली होती. संत्रं सोलून खात होती आणि हसत म्हणाली होती, "काका, तुम्ही माझ्यापर्यंत पोहोचू नका हं. तुम्ही दिसलात म्हणजे मी शेवटची."

पुढे दाट झाडी होती. तिथे तिला आडोशाला जावं लागलं. या शर्यतीत एक रीत आहे: वाट सोडून आत जायचं असेल तर पाठीवरची बॅग वाटेवर ठेवून जायचं, म्हणजे शेपटाला कळतं की माणूस आत आहे. सगळ्यांना हे सुरुवातीलाच बजावून सांगतात. पण मागून दोन पुरुषांचे आवाज येतायत, त्यातला एक खणखणीत वकिली आवाज, आणि आपण वाटेवर पाटी लावल्यासारखी बॅग ठेवून आत जाऊन बसायचं, हे तिला जमलं नसणार. मला तरी कुठे जमलं असतं? ती बॅग पाठीवर घेऊन गेली, आणि गरजेपेक्षा लांब गेली. ती आत असताना वकील पुढे निघून गेले. त्यांच्यामागून भावोजी गेले, एकेक फीत सोडवत.

झाडी संपते तिथे वाटेला फाटा फुटतो. एक वाट वर खिंडीकडे जाते, ती शर्यतीची. दुसरी सपाटीनं जाते, चांगली मळलेली, गुरांची. ती पुढे घळीपाशी संपते. अनोळखी माणूस कधीही तीच धरेल. म्हणून फाट्यावर वरच्या वाटेला एकाच्या जागी दोन फिती बांधलेल्या असायच्या. भावोजींनी त्याही सोडल्या.

खिंडीत पोहोचल्यावर भावोजींनी सवयीप्रमाणे मागे वळून पाहिलं. खाली झाडीच्या कडेला काहीतरी लाल दिसलं. छोटंसं. त्यांना वाटलं, एखादी फीत सोडायची राहिली. खालून ढग चढत होते, आणि तेवढ्यात वकील खिंडीतल्या दगडांवर फतकल मारून बसले की आता जीप इथे मागवा. परत खाली उतरायचं आणि पुन्हा तो सगळा चढ चढायचा, एका चिंधीसाठी. पायांत गोळे आले होते, वेळ जात होता. भावोजी मनात म्हणाले, राहू दे एक. मास्तर ओरडले तर ओरडले. ते वळले, वकिलांना उठवलं आणि खिंड उतरले.

पुढच्या थांब्यावर मोजणीला औषधांच्या दुकानाचा मालक होता. त्याच्या मोजणीत एक माणूस कमी भरत होता. तो म्हणाला, "मागे कोणी आहे का?"

"मागे कोणी नाही," भावोजी म्हणाले. "तू केळी खात बसला असशील, तेवढ्यात एखादा निसटला असेल."

दोघं हसले. औषधवाल्यानं थांबा आवरला.

संध्याकाळी मैदानावर वकील आले, टाळ्या झाल्या, त्यांच्यामागून फितींचा भारा खांद्यावर टाकलेले भावोजी आले. कुणीतरी त्यांना खुर्ची दिली. मी चहा घेऊन गेले. तेवढ्यात एक शिडशिडीत माणूस पुढे आला. हातात बायकांचं स्वेटर होतं. तो भावोजींना अगदी अदबीनं म्हणाला, "दादा, माझी बायको अजून मागेच आहे का? बेकरीत काम करते ती."

मी भावोजींकडे पाहिलं. त्यांनी चहाचा कप माझ्या हातात परत दिला आणि आले त्याच वाटेनं डोंगराकडे चालायला लागले. अंधार पडत आला होता, मास्तरांनी मागून धावत जाऊन त्यांना अडवलं.

दुसऱ्या दिवशी ती घळीत सापडली. घसरून पडली होती, पाय मोडला होता. पडल्यानं मेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, थंडीनं गेली, आणि लगेच नाही गेली. हे वाक्य त्यांनी नवऱ्यासमोर बोलायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आम्ही त्याला लिफ्टवालाच म्हणायचो, आणि पुढे तो आमच्याकडे यायला लागल्यावरही तेच नाव राहिलं. लोक भावोजींना नावं ठेवत होते. दुकानात येऊन काचेतून मागच्या खोलीत डोकावत होते. मास्तर तोंड चुकवत होते. अशा वेळी हा लिफ्टवालाच सगळ्यांना सांगत फिरला, "दादांचा काय दोष? तिनं बॅग वाटेवर ठेवायला हवी होती. ती लाजाळू होती. दादा तरी काय करणार, दिसली असती तर सोडून आले असते का?"

दिसली असती तर. हे शब्द भावोजींच्या कानावर आले त्याच आठवड्यात मी माझ्या चष्म्याची दांडी बसवून घ्यायला दुकानात गेले होते. मशीन बंद होतं. भावोजी हातात काच घेऊन नुसते बसले होते.

"मला लाल दिसलं होतं," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी खिंड, ढग, वकील, सगळं सांगितलं. तिनं लाल विंडचीटर घातलं होतं.

"फीतच असेल ती," मी म्हटलं. "डोंगरात लाल म्हणजे काय एक तिचंच असतं का?"

"फीत राहिली असती तर दुसऱ्या दिवशीही तिथेच असती ना? शोधायला गेलो तेव्हा मी आधी तिथेच गेलो. काही नव्हतं." हातातली काच त्यांनी कापडावर ठेवली. मग म्हणाले, "आणि फीत राहिली असती तर ती वाचलीच असती गं. फीत बघून बरोबर वर आली असती."

मी दार लावून घेतलं. बाहेर ती गोड बोलणारी मुलगी कुणाला तरी फ्रेम दाखवत होती. मी भावोजींना म्हटलं, हे मला सांगितलंत तेवढं पुरे. ताईला नाही, मास्तरांना नाही आणि त्या लिफ्टवाल्याला तर नाहीच नाही. सांगून ती परत येणार आहे का? त्या माणसाला निदान एवढं तरी समाधान असू दे, की कुणाला दिसली असती तर ती वाचली असती. भावोजी मान हलवत राहिले. त्या मान हलवण्यात हो होतं की नाही, ते मला ओळखता आलं नाही. माझा चष्मा मात्र त्यांनी नीट करून दिला.

मग लिफ्टवाला दर रविवारी घरी यायला लागला. पहिल्यांदा आला तेव्हा ताईला वाटलं, भांडायला आलाय. पण तो आला, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, आणि ताईला म्हणाला, "वहिनी, थोडा वेळ बसू का? घरी तिच्याबद्दल कुणी बोलूच देत नाही. विषय काढला की आई रडते."

तो बसायचा आणि भावोजींना विचारायचा, "त्या थांब्यावर ती काय म्हणाली ते सांगा ना परत." भावोजी सांगायचे. संत्रं, हसणं, 'तुम्ही माझ्यापर्यंत पोहोचू नका हं.' दर रविवारी तेच. लिफ्टवाला मान खाली घालून ऐकायचा आणि शेवटी हसायचा, "तशीच होती ती." ताई डोळे पुसत चहा टाकायला जायची. भावोजींच्या कपाळावर घाम आलेला असायचा, तो फक्त मला दिसायचा. शिक्षा म्हणून कुणी एखाद्याला रोज मारलं असतं तर ते बरं, असं मला वाटायचं. हा माणूस येऊन त्यांना मायेनं मारत होता आणि त्याला पत्ताही नव्हता.

भावोजींचं धावणं बंद झालं. मग दुकानातून तक्रारी यायला लागल्या. काचा तिरक्या बसत होत्या. मालकानं एकदा समजावलं, दोनदा समजावलं, मग त्यांना पुढे कपाटं पुसायला बसवलं. दिवसभर आरशांमध्ये स्वतःचाच चेहरा बघायचा. ताई म्हणायची, "बोला ना हो काहीतरी, भांडा तरी." ते म्हणायचे, "कशावरून भांडू?" तिच्यावर कधी चिडले नाहीत. चिडले असते तर घरात जरा हवा खेळली असती.

पुढच्या वर्षी मास्तरांनी शर्यत परत ठेवली. फितींचा रंग बदलून पिवळा केला, आणि एकाच्या जागी दोन शेपटं नेमायची ठरवलं. भावोजींना कुणी विचारलं नाही. ते बरंच झालं, असं मी म्हणतेय तोच लिफ्टवाला एका रविवारी म्हणाला, "दादा, मी नाव दिलंय."

"कशात?" ताईनं विचारलं.

"शर्यतीत. ती जिथून गेली तिथून मला एकदा जायचंय. तिचं राहिलंय तेवढं मी पुरं करतो."

लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस, कामावर असताना आता मुद्दाम जिन्यानं चढायला लागला. उंच इमारतीत लोक त्याला विचारायचे, लिफ्ट बिघडलीय का? तो म्हणायचा, "नाही, लिफ्ट ठीक आहे. मीच बिघडलोय." हे सांगताना तो स्वतःच हसला होता. आम्हीही हसलो. भावोजी हसले नाहीत. त्या संध्याकाळी ते मास्तरांकडे गेले आणि म्हणाले, "तो शेवटचा असणार. त्याच्यामागे मी राहतो."

मास्तरांनी खूप आढेवेढे घेतले. पण लिफ्टवाल्यानंच जाऊन सांगितलं, "दादा असतील तरच मी धावेन." म्हणून ते ठरलं. दुसरं शेपूट म्हणून औषधवाला जाणार होता. आदल्या दिवशी त्यानं आजारी असल्याचा निरोप पाठवला. त्याला मी दोष देत नाही.

मी भावोजींना पुन्हा बजावलं. दाराशी, बूट घालताना. "धुकं होतं म्हणायचं. कुणी विचारलं तर धुकं होतं. लक्षात आहे ना?"

"आहे," ते म्हणाले. "धुकं होतं."

पुढचं मला भावोजींनी नंतर सांगितलं, तेही सलग नाही, तुकड्या तुकड्यांत. काही तुकडे मला जोडता आले, काही नाही.

लिफ्टवाला खरंच शेवटचा होता. जिना चढून चढून पाय तयार झाले होते, पण उतारावर त्याला भीती वाटायची. दोघं सावकाश चालले होते. भावोजी पिवळ्या फिती सोडवत होते. झाडी आली तेव्हा लिफ्टवाला थांबला, इकडे तिकडे बघत राहिला. फाट्यावर आला तेव्हा सपाट वाटेकडे बघून म्हणाला, "मीही हीच धरली असती." मग दोघं खिंड चढले. आभाळ स्वच्छ होतं. खिंडीत बसून दोघं पाणी प्यायले.

लिफ्टवाला म्हणाला, "दादा, एक सांगू? वर्षभर तुम्ही नसता तर मी राहिलोच नसतो. सगळे मला सांगायचे, विसर. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत."

भावोजी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिले.

"तुम्हाला मागे वळून बघायची सवय असते ना? इथून बघितलं असेल तुम्ही त्या दिवशी."

धुकं होतं, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. भावोजी मला म्हणाले, "तोंडापर्यंत आले होते गं. पण त्यानं संशयानं विचारलंच नव्हतं. तो आपला सहज बोलत होता. त्याच्याशी खोटं बोलता आलं नाही."

त्यांनी सांगितलं. लाल दिसलं, फीत वाटली, कंटाळा केला. कंटाळा हाच शब्द वापरला. थकवा नाही म्हटलं, वेळ झाली होती म्हटलं नाही, वकिलांचं नाव घेतलं नाही.

लिफ्टवाल्यानं पाण्याची बाटली खाली ठेवली. मग विचारलं, "कुठे?"

भावोजींनी बोट दाखवलं. खाली, झाडीच्या कडेला, फाट्यापाशी.

लिफ्टवाला उठला आणि चढून आलेला तो सगळा उतार पुन्हा उतरायला लागला. भावोजी मागून हाका मारत होते, "अरे, पाय घसरेल, थांब." तो थांबला नाही. उताराची त्याला भीती वाटायची, ती कुठे गेली होती कुणास ठाऊक. झाडीच्या कडेला पोहोचल्यावर तो फाट्यावर उभा राहिला आणि वर तोंड करून ओरडला, "दिसतो का?"

भावोजी ओरडले, "दिसतोस."

डोंगरात आवाज घुमतो. तो घुमायचा थांबेपर्यंत लिफ्टवाला थांबला. मग त्यानं दुसऱ्यांदा विचारलं, "माणूस वाटतो का?"

हे मला सांगताना भावोजी दुकानातल्या स्टुलावर बसले होते आणि दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरली होती. मी म्हटलं, "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? स्वच्छ दिसत होता. हात दिसत होते, डोकं दिसत होतं. ओरडून सांगितलं, वाटतोस."

खाली लिफ्टवाला तसाच उभा राहिला. बसला नाही, रडला नाही. मग वर चढून आला आणि भावोजींच्या शेजारून, त्यांच्याकडे न बघता, पुढे गेला. त्यानंतर मैदानापर्यंत एक शब्दही बोलला नाही. भावोजी त्याच्यामागून फिती सोडवत येत राहिले. तो कुठे आडोशाला थांबला की हेही थांबायचे, लांबवर, दिसेल एवढ्या अंतरावर. तो वाटेवर आल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत.

मैदानावर मी होते, ताईही होती. लिफ्टवाला वेळेत आला. सगळ्यांना त्याची गोष्ट माहीत होती, म्हणून सगळे उभे राहिले. मास्तरांनी त्याच्या गळ्यात पदक घातलं, ते स्वतः रडत होते. ताईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यानं तिला वाकून नमस्कार केला, पदक काढून खिशात घातलं आणि निघून गेला. ताईला वाटलं, भावना अनावर झाल्या. मी भावोजींकडे पाहिलं आणि मला कळलं की यांनी सांगून टाकलंय. मला त्यांचा राग आला. एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि त्याच वेळी त्यांना पोटाशी धरावंसंही वाटलं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. चहा आणते म्हटलं.

त्या रविवारी ताईनं कप काढून ठेवले होते. तो आला नाही. "पाय दुखत असतील," ती म्हणाली. पुढच्या रविवारी म्हणाली, "कामावर असेल, लिफ्टला काय रविवार असतो?" नंतर तिनं त्याला निरोप पाठवला, त्याचं उत्तर आलं नाही. एकदा तो तिला बाजारात दिसला. हिनं हाक मारली, तर तो दुसऱ्या गल्लीत वळला. तिला हे फार लागलं.

भावोजी आता कुठेच जात नाहीत. कपाटं पुसतात, घरी येतात, जेवतात, झोपतात. पूर्वी त्यांच्या मनात एक गोष्ट तरी होती, लपवायची. तिच्यावर तरी ते उभे होते. आता ती पण नाही. मी वरचेवर जेवायला जाते, ताईसाठी, आणि थोडी त्यांच्यावर नजर ठेवायला. मला त्यांची भीती वाटते. त्यांना एकटं सोडायची भीती वाटते.

काल जेवताना ताईनं पुन्हा तोच विषय काढला. माणसं अशीच, म्हणाली. दुःख ताजं असतं तोवर तुमचं दार वाजवतात, दुःख उतरलं की ओळख विसरतात. तिनं ताटात वाढता वाढता हात थांबवला, आणि खऱ्या दुखावल्या आवाजात भावोजींना विचारलं,

"तुम्हीच सांगा, आपण त्याच्यासाठी काय करायचं बाकी ठेवलं होतं?"

भावोजींनी घास तोंडापर्यंत नेला होता. तो त्यांनी परत ताटात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघरात गेले. तांब्या भरलेलाच होता.